सिंधुदुर्गाच्या चित्रात दरवाजा का नाही?

प्रश्न : सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी मालवणहून आणलेलं सिंधुदुर्गाचं जलरंगचित्र आमच्या घरी आहे. त्यात तट, बुरूज, होड्या सगळं आहे, पण किल्ल्याचा दरवाजा कुठेच दिसत नाही. चित्रकार विसरला असेल का? आणि चित्र हातानं रंगवलेलं आहे की छापील, हे कसं ओळखावं? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : दरवाजा दिसत नाही, हीच मला तुमच्या चित्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. दरवाजा बुरुजांच्या वळणाआड असा दडवला आहे, की शत्रूच्या तोफांना तो थेट मिळू नये. होडी अगदी जवळ गेली की मगच तो सापडतो. मालवणच्या किनाऱ्यावर बसून जो प्रामाणिकपणे रंगवेल, त्याच्या कागदावर दरवाजा उमटणारच नाही. घरी बसून मनानं किल्ला काढणारा मात्र बहुधा मधोमध मोठी कमान काढून मोकळा होतो.

आता उजेड पाहा. किल्ला मालवणच्या पश्चिमेला समुद्रात आहे. तटावर कोवळं ऊन पडलेलं असेल, तर चित्र सकाळचं. तट गडद आणि मागचं आकाश तांबूस असेल, तर संध्याकाळचं.

मूळ चित्राची खूण मात्र कागदावर शोधायची. साधं भिंग घ्या. ऑफसेट छपाईत निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची जाळी दिसते. इंकजेट प्रतीत अतिबारीक तुषार दिसतात. हातानं दिलेला रंग सलग पसरतो, वाळताना कडेला गोळा होऊन तिथे गडद रेघ ठेवतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला करडा रंग तटासाठी वापरला असेल, तर त्याचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसलेले दिसतील. दगडाचा खडबडीतपणा या कणांमुळेच येतो. खडकावरचा फेस पाहा. जलरंगात पांढऱ्यासाठी सहसा कोरा कागद राखतात, किंवा ब्लेडनं खरवडतात. खरवडलं असेल, तर तिरप्या उजेडात कागदाचे तंतू उठलेले दिसतात. फिकट रंगाखालून पेन्सिलच्या रेषाही डोकावत असतील. छापील चित्रात त्या नुसत्या दिसतात, मूळ चित्रात कागदावर किंचित दबलेल्या असतात.

काचेवरून पाहून मन भरणार नाही, पण फ्रेम घरी उघडू नका. दमट हवेत कागद काचेला चिकटलेला असतो आणि ओढला तर रंगासकट निघतो. चांगल्या फ्रेमवाल्याकडून उघडून घ्या. परत लावताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची जाड पट्टी घालायला सांगा. आणि चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर असेल, तर आजच हलवा. उन्हानं काही रंग उडतात, त्यात तांबडे फार लवकर. संध्याकाळचं आकाश सर्वांत आधी जाईल.