जुना ट्यूबा घेताना : ४५२ आणि ४४० चा हिशेब

ट्यूबा म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न येतो, "कोणत्या सायकलची?" ती ट्यूब, हा ट्यूबा! ब्रास बँडमधला सर्वांत मोठा, सर्वांत खालच्या सुराचा पितळी भोंगा. १८३५ साली बर्लिनमध्ये त्याचं पेटंट झालं. आपल्या वरातीत त्याचा धाकटा भाऊ युफोनियमच जास्त दिसतो.

भिवापूर म्हणजे मिरचीचं गाव. तिथे माझे काका बँडमध्ये वाजवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी परगावच्या एका दुकानातून जुना इंग्लिश ट्यूबा घेतला. लग्नसराईची सगळी कमाई त्यात गेली. पॉलिश असं, की तोंड दिसावं! पण पहिल्याच वरातीत क्लॅरिनेटशी सूर जुळेना. पथकातले म्हणू लागले, काकांचा दम गेला, आता त्यांना झांज द्या. काका गप्प बसले.

दिवाळीत मी मोबाईलवरचा ट्यूनर लावला. प्रत्येक सूर जवळजवळ अर्धी पट्टी वर! दम शाबूत होता. वाद्यच दुसऱ्या मापाचं होतं.

पूर्वी ब्रिटिश बँडचा 'ए' सुमारे ४५२ हर्ट्झचा असे. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० ठरला, तरी तिथले ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत जुन्याच सुरावर होते. नळी जितकी आखूड, तितका सूर उंच. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी साधारण ५.५ मीटर. ४५२ भागिले ४४० म्हणजे १.०२७, म्हणून काकांची नळी सुमारे १५ सें.मी. कमी पडत होती. त्यात मे महिन्यात हवा तापली की सूर आणखी चढतो.

म्हणून जुना ट्यूबा घेताना एवढं बघा :

(१) आधी ट्यूनर किंवा पेटी लावून सूर तपासा. चकाकीवर जाऊ नका.

(२) व्हॉल्व न दाबता त्याची सरकनळी थोडी बाहेर ओढा, मग व्हॉल्व दाबा. 'पॉक' आवाज आला तर व्हॉल्व हवा धरतो. नाही आला तर झिजलाय.

(३) तोंडाजवळच्या नळीवर गुलाबी-लाल ठिपके दिसले तर सावधान. पितळेतलं जस्त निघून जातंय.

(४) भोंग्यावरचा पोचा चालेल. तोंडाजवळच्या अरुंद नळीतला नाही.

विकतानाही हेच खरं. मध्यंतरी शेजारच्या गावचं एक पथक ट्यूबा मागायला आलं. मी म्हटलं, "काका, देऊन टाका." काका म्हणाले, "अन् मंग तिथल्या म्हाताऱ्याले झांज देतीन, त्याचं काय?" पाहुण्यांना त्यांनी सगळं सांगितलं. पाहुणे चहा पिऊन गेले.

मग मी हिशेब मांडला. मुख्य सरकनळीला दोन पाय असतात. प्रत्येक पाय साडेसात सें.मी. वाढवला की झाले १५! पितळी भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून जोडनळ्या करून घेतल्या. व्हॉल्वच्या नळ्या थोड्या बाहेर ओढल्या. सूर जुळला. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर काका पुन्हा पथकाच्या मागच्या रांगेत, भोंगा खांद्यावर घेऊन उभे राहिले.

व्हायवात कुणी विचारलं, 'कॅलिब्रेशन कशाला करायचं?' तर मी आता पुस्तकातली व्याख्या सांगणार नाही. आधी यंत्र तपासा, मग माणसाला दोष द्या, एवढंच सांगेन.