ज्याच्या हाती लिंक

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग हा माझा धंदा. शूटिंगवाले बहुतेक बाहेरगावचे, आणि कच्चं फुटेज वीस जीबीच्या खाली क्वचितच. जीमेल २५ एमबीला हात टेकतं, व्हॉट्सअ‍ॅप एका फाईलला २ जीबीवर अडवतं. मे २०२० मध्ये सरकारी आदेशाने वीट्रान्सफर इथे बंद झालं, तेव्हापासून मी ब्राउझरमधून थेट फाईल पाठवणारी साधनं वापरू लागलो.

फाईलपिझ्झा, पेअरड्रॉप वगैरेंच्या मुळाशी वेबआरटीसी हे तंत्र आहे. मधला सर्व्हर दोन ब्राउझरांची गाठ घालून देतो आणि बाजूला होतो. फाईल या मशीनवरून त्या मशीनवर जाते, तीही वाटेत कूटबद्ध होऊन. हे तंत्र ब्राउझरमध्येच असतं. म्हणून एखादी साइट "आधी हे इन्स्टॉल करा" म्हणाली, तर मी ती लगेच बंद करतो.

तरीही एकदा तमाशा झालाच. सांगलीच्या एका शूटिंगवाल्याने मला पाठवायची लिंक वधूवरांच्या घरच्यांच्या ग्रुपवर टाकली, का तर मीही त्यात होतो! मी लॅपटॉप उघडेपर्यंत पाच-सहा जणांनी डाउनलोड सुरू केलेलं. प्रत्येकाला वेगळी प्रत शूटिंगवाल्याच्याच मशीनवरून जाणार, त्यामुळे वेग मुंगीचा. पण ते परवडलं. वधूपित्याच्या कोटाला लावलेला माइक दिवसभर चालूच राहिला होता, आणि मानपानावरून ते बायकोजवळ जे पुटपुटले ते सगळं वरपक्षाने कानात हेडफोन घालून ऐकलं. पुढचं मी लिहीत नाही. कूटबद्धीकरण कुठेही फुटलं नव्हतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. लिंक ज्याच्या हाती पडली त्याला फाईल मिळाली.

म्हणून लिंक एकालाच, खासगीत पाठवायची. त्याआधी फुटेज सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून बांधायचं (एईएस-२५६ निवडून, आणि फाईलींची नावंही लपवायची खूण करून) आणि पासवर्ड फोनवर सांगायचा. लिंकखालीच पासवर्ड टाइप करणारे महाभाग भेटतात, त्यांना काय म्हणावं!

बांधतानाच दोन-दोन जीबीचे तुकडे पाडून घ्या. काही साधनं पूर्ण फाईल आधी मेमरीत गोळा करतात, आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप नव्वद टक्क्यांवर येऊन मान टाकतो. तुकडे असले की तेवढा एकच परत मागवता येतो. तुकडा खराब आला असेल तर उघडतानाच सेव्हन-झिप तक्रार करतं.

पाठवणाऱ्याचा टॅब शेवटपर्यंत उघडा हवा. लॅपटॉप झोपला की सगळं थांबलं. मोबाईल डेटावर थेट जोडणी पुष्कळदा होतच नाही. मग काही साधनं मधल्या रिले सर्व्हरवरून वाट काढतात, काही नुसतीच फिरत बसतात. थेट जोडणीत समोरच्याला तुमचा आयपी पत्ता कळू शकतो, हेही अनोळखी माणसाशी व्यवहार करताना ध्यानात असू द्या. पेअरड्रॉपसारख्या साधनात मंगल कार्यालयाच्या वाय-फायवरचे परके फोनही यादीत येतात, तेव्हा नाव नीट वाचून बोट ठेवा.

साधनांचे मालकही बदलतात. स्नॅपड्रॉप आणि शेअरड्रॉप लाइमवायरने घेतले. त्यामुळे जुन्या ओळखीवर न विसंबता मी एक चाचणी करतो: फालतू फाईल टाकायची, लिंक घ्यायची, पाठवणारा टॅब बंद करायचा आणि मग लिंक उघडायची. तरीही फाईल उतरली, तर ती कुणाच्या तरी सर्व्हरवर बसली आहे.

वेळेचा हिशेब मात्र अपलोडच्या वेगावर करा. ४० एमबीपीएसला २० जीबी म्हणजे तासाभराहून थोडं जास्त. २०० जीबी म्हणजे अकरा तास. एवढं फुटेज असलं की मी सांगलीला सरळ फोन करतो: "हार्ड डिस्क बिटलॉकरने लॉक कर आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल टाक." सकाळी स्वारगेटला जाऊन घेऊन येतो.