सेवेचा पाठ : पुठ्ठ्याची पेटी

विद्यार्थ्यांच्या ठायी सेवावृत्ती कशी रुजवावी, या दृष्टीने अमेरिकेतील कॅथलिक शाळांचा एक उपक्रम अभ्यसनीय आहे. आफ्रिकेतील दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ १९७५ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाउन येथे त्याचा आरंभ झाला. ‘राइस बोल’, म्हणजे भाताचा वाडगा, हे त्याचे नाव.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात मुलांना पुठ्ठ्याची छोटी पेटी देण्यात येते. ती घरी जेवणाच्या मेजावर ठेवावयाची, एखादा खाऊ वर्ज्य करावयाचा आणि वाचलेले पैसे तीत टाकावयाचे, असा प्रघात आहे. साहाय्य मिळणाऱ्या देशांतील कुटुंबांची हकिगतही मुलांना सांगितली जाते. जमा रकमेचा पाऊण हिस्सा ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’ या संस्थेच्या कार्यास जातो. पाव हिस्सा स्थानिक धर्मप्रांतातील गरजूंसाठी राहतो.

येथे विद्यार्थी देतो ते स्वतःच्या त्यागातून. पालकांकडून मागून आणलेल्या वर्गणीने हा संस्कार घडत नाही.

असा उपक्रम योजताना शिक्षकांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. ज्यांच्या घरी वर्ज्य करण्याजोगा खाऊच नसतो, अशी मुलेही वर्गात असतात. देणाऱ्यांची नावे व रकमा वाचून दाखविल्यास त्यांना मान खाली घालावी लागते, आणि सेवेचा पाठ अहंकाराचा पाठ होतो. यास्तव सर्व पेट्या एकत्र रित्या कराव्यात, फळ्यावर केवळ एकूण बेरीज मांडावी आणि हिस्से मुलांकडूनच काढवून घ्यावेत. मोजणी व हिशेब पाळीपाळीने सर्वांकडे द्यावा. म्हणजे पैसा देऊ न शकणारा विद्यार्थीही त्या कार्यात बरोबरीचा भागीदार होतो.