शाहीर परशराम

नाशिक जिल्ह्यात सिन्नरहून शिर्डीकडे जाताना वावी हे गाव लागते. मराठी शाहिरीच्या इतिहासात या गावाला स्थान मिळाले ते परशराम या शाहिरामुळे. तो जातीने शिंपी. संत नामदेवही शिंपीच; सुईदोरा आणि शब्द यांचा काही जुना ऋणानुबंध असावा, असे वाटते!

परशरामाचा जन्म १७५४ मधील. १७६१ मध्ये पानिपत झाले, तेव्हा तो लहान मुलगा होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. संगमनेरचा अनंत फंदी त्याच्याहून दहा वर्षांनी वडील; तो १८१९ मध्ये निवर्तला. परशराम मात्र १८४४ पर्यंत जगला. ज्या राज्याच्या छायेत शाहिरी बहरली, ते राज्य लयास गेलेले पाहून त्यानंतरची सव्वीस वर्षे त्याने काढली.

मुलांनो, तुम्ही तुणतुणे पाहिले आहे काय? पोकळ लाकडी नळकांड्याच्या तळाशी कातडे मढवलेले असते. त्यातून निघालेली एकच तार बाजूच्या काठीवरील खुंटीला ताणून बांधलेली असते. या तारेवर राग वाजत नाही. वाजतो तो एकच अखंड सूर. डफाचा ठेका आणि हा सूर एवढ्या सामग्रीवर शाहिराला रात्र जागवावी लागे. मागे उभे असलेले झीलकरी त्याचे पालुपद उचलून धरीत. सभा उठली की गाणे ऐकणाऱ्यांच्या स्मरणातच काय ते उरे.

म्हणूनच लावणी टिकणे हे मोठे कठीण काम होते. ती एका फडातून दुसऱ्या फडात तोंडी जाई. जाताना एखादा शब्द गळे, एखादा नवा शिरे. पुढे इंग्रजी शिक्षण पसरले आणि शिकलेली मंडळी लावणीला केवळ शृंगारिक म्हणून नाक मुरडू लागली. हा अन्यायच होता. कारण परशरामाने अध्यात्मपर लावण्याही रचल्या आहेत. आक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला तो १८९१ मध्ये. तोवर परशरामाला जाऊन सत्तेचाळीस वर्षे झाली होती, आणि जुने गाणारेही थकत चालले होते.

तरीही त्याची रचना ओळखता येते. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याची शाहिरांची रीत होती. गाणाऱ्याने मधले शब्द विसरले, तरी तेथपर्यंत पोचल्यावर त्याला ‘परशराम’ म्हणावेच लागे.