‘फ्रेश’ ह्या विशेषणाचा वाक्यात उपयोग

इंग्रजी विशेषण शिकविताना त्यासमोर एक मराठी प्रतिशब्द लिहून तो पाठ करून घ्यावा, ही पद्धत पुष्कळ शाळांतून रूढ आहे. ‘फ्रेश म्हणजे ताजा’ ही अशीच एक जोडी होय. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. आणि दांडीसारख्या समुद्रकाठच्या मच्छीमार गावात तिचे अपुरेपण विशेष जाणवते. तेथील घरांत मासळी ‘ओली’ किंवा ‘सुकी’ असते आणि पाणी ‘गोडे’, ‘मचूळ’ किंवा ‘खारे’ असते. अशा घरातील मूल स्वतःच्या मनाने इंग्रजी वाक्य रचू लागले म्हणजे ‘ओला’ ह्या शब्दासाठी ‘वेट’ आणि ‘गोडा’ ह्या शब्दासाठी ‘स्वीट’ सहज योजते. ‘अवर वेल हॅज स्वीट वॉटर’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, मुलाचा विचारही स्वच्छ आहे. पण आजच्या वाचकाला त्यातून साखरेचे पाणी दिसण्याचा संभव अधिक. ‘वेट कोकोनट’ म्हटल्याने ओला नारळ नव्हे, तर पाण्यात भिजलेला नारळ सूचित होतो.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून शिकविला जात आहे. तेव्हा हा शब्द मुलाच्या कानी लवकर पडतो, आणि तो आरंभीच नीट रुजविणे हे प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे. येथे देवनागरीत दिलेली इंग्रजी वाक्ये फळ्यावर अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

१. विरुद्धार्थी शब्दाची कसोटी

‘फ्रेश’ ह्या शब्दाचा अर्थ त्याच्या पुढील नामावरून ठरतो. कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे पाहण्याची सोपी कसोटी म्हणजे त्या नामाजवळ बसणारा विरुद्धार्थी शब्द शोधणे.

(अ) भाकरी, पाव : फ्रेश म्हणजे ताजा. विरुद्ध शब्द ‘स्टेल’, म्हणजे शिळा.

(आ) मासळी : फ्रेश म्हणजे ओली. विरुद्ध शब्द ‘ड्राइड’, म्हणजे वाळविलेली. ओले बोंबील ते ‘फ्रेश’ आणि बांबूंवर वाळवून साठविलेले ते ‘ड्राइड’. नुसती बर्फात ठेवलेली मासळी फ्रेशच होय. गोठविलेली असल्यास ‘फ्रोझन’ म्हणावे. इंग्लंडमधील मासळीविक्रेते ‘वेट फिश’ असा शब्द योजतात, परंतु तो त्या व्यापाराचा शब्द आहे. मुलांस ‘फ्रेश फिश’ हाच शिकवावा.

(इ) पाणी : फ्रेश म्हणजे गोडे. विरुद्ध शब्द ‘सॉल्ट’, म्हणजे खारे. मधले मचूळ पाणी ते ‘ब्रॅकिश’.

(ई) हवा : फ्रेश म्हणजे मोकळी, स्वच्छ. विरुद्ध शब्द ‘स्टफी’, म्हणजे कोंदट. ‘मोकळी हवा’ ह्याचे ‘ओपन एअर’ असे शब्दशः रूपांतर करू नये. त्याचा अर्थ ‘उघड्यावर’ असा होतो.

(उ) कागद : फ्रेश म्हणजे कोरा, दुसरा. विरुद्ध शब्द ‘यूज्ड’, म्हणजे वापरलेला.

ह्या पाच अर्थांपैकी पाण्याचा अर्थ परका वा अपवादात्मक नाही. प्राचीन इंग्रजीतील ‘फेर्श’ ह्या ज्या शब्दापासून ‘फ्रेश’ आला, त्याचा अर्थ ‘खारट नसलेले’ असाच होता. ज्या मुलाला खाडीचे व विहिरीचे पाणी जिभेने ओळखता येते, त्याला ह्या शब्दाचा मूळ अर्थ अनुभवाने अगोदरच ठाऊक असतो. शिक्षकाने त्या अनुभवाला इंग्रजी नाव मात्र द्यावयाचे असते.

२. वाक्यातील स्थान व रूप

मराठीत ताजा, ताजी, ताजे, ताज्या अशी लिंगवचनानुसार रूपे होतात. इंग्रजीत ‘फ्रेश’ मुळीच बदलत नाही. तो शब्द नामापूर्वी येतो, ‘शी सेल्स फ्रेश फिश’. किंवा क्रियापदानंतर येतो, ‘द फिश इज फ्रेश’. ‘शी सेल्स फिश फ्रेश’ अशी रचना मुलांकडून झाल्यास ती सुधारावी. मात्र ‘कोरा, दुसरा’ ह्या अर्थी हा शब्द नामापूर्वीच योजतात : ‘टेक अ फ्रेश शीट ऑफ पेपर’.

तुलना करताना ‘फ्रेशर’ व ‘फ्रेशेस्ट’ ही रूपे होतात. ‘मोअर फ्रेशर’ ही दुहेरी तुलना अशुद्ध होय.

नवे ते सर्व ‘फ्रेश’ नव्हे. नवे पुस्तक ते ‘न्यू बुक’ आणि ताजी बातमी ती बहुधा ‘लेटेस्ट न्यूज’. ‘फ्रेश होऊन ये’ असे आता मराठीत सर्रास ऐकू येते. त्याचे ‘बिकम फ्रेश’ असे भाषांतर न करता लहान वर्गांत ‘वॉश युअर फेस’ हे साधे वाक्य द्यावे.

३. पाण्याविषयी सावधगिरी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यात ते साधारणतः एक ग्रॅमहून कमी असतात. ‘फ्रेश वॉटर’ हा शब्द ह्या क्षारांविषयीच बोलतो. पाणी स्वच्छ आहे की दूषित, त्यात रोगजंतू वा रसायने आहेत की नाहीत, ह्यांविषयी तो काहीही सांगत नाही. नदीचे गढूळ पाणीही ‘फ्रेश वॉटर’च होय. पिण्यायोग्य पाण्यास इंग्रजीत ‘ड्रिंकिंग वॉटर’ किंवा ‘पोटेबल वॉटर’ म्हणतात.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. बोईसर-तारापूरचे कारखाने ह्या गावांच्या शेजारीच आहेत. परिसरातील मुले पुढे अशा ठिकाणी कामास लागतात, आणि कारखान्यांत नळांवरील व टाक्यांवरील सूचना पुष्कळदा इंग्रजीत असतात. तेथे ‘फ्रेश वॉटर’ म्हणजे एकदा वापरून पुन्हा फिरविलेले नव्हे असे, यंत्रांसाठी आणलेले पाणीही असू शकते. ‘फ्रेश म्हणजे ताजे, म्हणजे चांगले’ एवढेच पाठ केलेला तरुण त्या नळाला तोंड लावील. म्हणून ‘फ्रेश वॉटर’ आणि ‘ड्रिंकिंग वॉटर’ हे दोन शब्दप्रयोग फळ्यावर शेजारी शेजारी लिहून त्यांतील फरक इयत्ता चौथीपर्यंत प्रत्येक मुलाकडून वदवून घ्यावा.

४. वर्गातील पाठ

एक तासिका पुरते. मुलांकडून ओला व सुका नारळ, आजची व कालची भाकरी, कोरा व लिहिलेला कागद अशा वस्तू आणवाव्यात. प्रथम मराठी नाव मुलांनी सांगावे. मुलांचा घरगुती शब्द हसण्यावारी नेऊ नये, कारण त्याच शब्दावरून पुढचा अर्थ उभा राहतो. नंतर विरुद्ध वस्तू पुढे करून जोडी जुळवावी. शेवटी संपूर्ण इंग्रजी वाक्य म्हणवून घ्यावे व लिहवून घ्यावे. वाक्य चुकल्यास केवळ तांबडी रेघ न ओढता ‘तुला काय म्हणावयाचे होते?’ असे आधी विचारावे. पुष्कळदा विचार बरोबर असतो, शब्द तेवढा बदलावा लागतो.

अभ्यास : पुढील वाक्ये इंग्रजीत करवून घ्यावीत.

१. आमच्या विहिरीचे पाणी गोडे आहे.
२. आई ओले बोंबील विकते.
३. खिडकी उघड, मोकळी हवा येऊ दे.
४. ही भाकरी ताजी आहे, ती शिळी आहे.
५. हे पाणी गोडे आहे, पण पिण्याचे नाही.

पाचवे वाक्य ज्याला न चुकता करता आले, त्याला हा पाठ आला असे समजावे.