उपासमार आणि मेंदूचे रसायन

अन्न समोर असता मुलगी ताट दूर सारते, तेव्हा घरची मंडळी तिला हट्टी ठरवून मोकळी होतात. सर विल्यम गल या ब्रिटिश वैद्यांनी १८७३ मध्ये या विकारास ‘ॲनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव दिले. त्याचा अर्थ भूक नसणे. पण नाव फसवे आहे. जठरात तयार होणारे घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक अशा रुग्णांच्या रक्तात बहुधा अधिकच आढळते. शरीर अन्न मागत असते. ती हाक मानली जात नाही, एवढेच.

१९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत शोध लागलेले लेप्टिन चरबीच्या पेशींतून स्रवते. चरबी झडली की ते घटते, मेंदूतील हायपोथॅलॅमसचे प्रजननविषयक संदेश मंदावतात आणि मासिक पाळी थांबते. पुढे हाडेही ठिसूळ होतात.

मेंदूतील सेरोटोनिन ज्या ट्रिप्टोफॅनपासून बनते, ते केवळ अन्नातूनच मिळते. उपासाने ते कमी झाल्यावर चिंताग्रस्त रुग्णास काही काळ हायसे वाटत असावे, असे काही संशोधक मानतात.

मग मन आधी बिघडते की शरीर? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. ते खिन्न, चिडचिडे झाले. पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले! म्हणजे पुष्कळशी लक्षणे उपासमारीचीच असतात. म्हणून उपचारात वजन भरून काढण्यास अग्रक्रम असतो, मात्र वैद्यकीय देखरेखीखाली. अत्यंत कृश रुग्णास एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयास धोका संभवतो.