हवेचा आकडा फुकट आहे. पैसे कुठे घालायचे?

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईत हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती वाढतात आणि घरोघरी एकच विचारणा सुरू होते: आज हवा कशी आहे? हे उत्तर मिळवायला एक पैसाही लागत नाही. तरी लोक चार-पाच हजारांचं मोजयंत्र मागवतात किंवा एखाद्या ॲपची वर्गणी भरतात. घरात दम्याचं मूल किंवा हृदयविकाराचे आजोबा असतील, तर ही घाई समजते. पण खर्चाचा क्रम उलटा होतो. आधी फुकटचा आकडा वाचायला शिकावं, मग मास्क घ्यावा, गरज पडली तर शुद्धीकरण यंत्र, आणि मोजयंत्र सगळ्यांत शेवटी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे ॲप विनामूल्य आहे. देशभरातल्या स्वयंचलित केंद्रांची माहिती त्यावर दर तासाला येते, आणि धूळ किंवा कचरा जाळण्याबद्दलची तक्रारही तिथूनच करता येते. मंडळ रोज दुपारी ४ वाजता शहरवार पत्रकही काढतं. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी छापून येणारा आकडा बहुतेक वेळा याच पत्रकातला असतो.

हा आकडा म्हणजे ‘एक्यूआय’, हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. आपली राष्ट्रीय पद्धत २०१४ साली जाहीर झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये प्रत्यक्षात आली. त्यात आठ प्रदूषकं धरली आहेत, पण त्यांची सरासरी काढत नाहीत. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत वाईट जो असेल, तोच शहराचा आकडा ठरतो. म्हणून आकड्याशेजारी प्रमुख प्रदूषकाचं नाव असतं, ते आधी वाचा. पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण, असतील तर मास्क आणि यंत्र दोन्ही उपयोगी पडतात. ओझोन असेल, तर साध्या एन ९५ मास्कवर घातलेले पैसे वाया जातात, कारण तो वायू त्यातून आरपार जातो.

५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे ५०० पर्यंत गंभीर. यातल्या ‘मध्यम’ने फार लोक फसतात. मंडळाच्याच सूचनेनुसार या पातळीवर दमा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो, तसंच हृदयरोगी, मुलं आणि वृद्धांनाही अस्वस्थ वाटू शकतं. अशांपैकी कुणी घरात असेल, तर तुमची सावधगिरी १०० च्या पुढेच सुरू व्हायला हवी. ३०० ची वाट पाहू नका.

दोन ॲपवर दोन आकडे का दिसतात, हाही नेहमीचा प्रश्न. समजा, दिवसभराची पीएम २.५ ची सरासरी घनमीटरला ७५ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय पट्टीवर याचा निर्देशांक १५० होतो, म्हणजे ‘मध्यम’. २०२४ साली सुधारलेल्या अमेरिकी पट्टीवर तीच हवा १६५ च्या आसपास जाते आणि तिचं वर्णन ‘आरोग्याला अपायकारक’ असं होतं. हवा तीच, फक्त पट्टी वेगळी. अनेक खासगी ॲप अमेरिकी पट्टी वापरतात. माझा सल्ला असा: निर्देशांक बाजूला ठेवा आणि मायक्रोग्रॅममधला आकडा पाहा. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. या दोन आकड्यांच्या तुलनेत हवा कुठे आहे, हे पाहिलं की पट्टीचा गोंधळ राहत नाही.

आणखी एक गोष्ट पैसे खर्च करण्याआधी माहीत हवी. पीएमचा निर्देशांक हा २४ तासांच्या सरासरीवर निघतो. त्यासाठी किमान १६ तासांची नोंद लागते. त्यामुळे नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर गल्लीत फटाके वाजत असतात, तेव्हा ॲपवरचा आकडा बराचसा आदल्या दिवसाचा असतो. धुराचा हिशेब त्यात हळूहळू चढतो. डोळ्यांना धूर दिसत असेल आणि आकडा शांत असेल, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. केंद्राच्या पानावर प्रत्येक प्रदूषकाची किमान आणि कमाल पातळीही दिलेली असते, ती सरासरीपेक्षा बोलकी असते.

केंद्र कुठे आहे हेही पाहा. कुलाब्याचा आकडा गोवंडीत राहणाऱ्याच्या कामाचा नाही. आणि जिथे जवळपास केंद्रच नाही, अशा तालुक्याच्या गावासाठी एखादं ॲप झोकात आकडा दाखवत असेल, तर तो उपग्रह आणि संगणकी गणितावरून काढलेला अंदाज असतो. तो निरुपयोगी नव्हे, पण त्याच्या भरवशावर यंत्र विकत घेऊ नये.

उद्याचा अंदाज मात्र आपल्याच पुण्यात तयार होतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही प्रणाली २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत उभारली. २०१३ मध्ये ती पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. अंदाज पाहायला काही मोजावं लागत नाही. त्यातला नेमका आकडा धरून बसू नका, वर्ग आणि कल पाहा: हवा ‘मध्यम’कडून ‘वाईट’कडे चालली आहे का? हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर जात नाही, वारा पडला की तर अजिबातच नाही. म्हणून पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, ही आपली जुनी समजूत शहरातल्या हिवाळ्यात उलटी पडते. पुण्यात फिरायला सकाळी ९-१० नंतर जावं, मुंबईत दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटल्यावर. उन्हाळ्यात पुन्हा वेगळं: ओझोन भर उन्हात तयार होतो, तेव्हा दुपार टाळावी. फिरण्याची वेळ बदलायला काहीच खर्च नाही, आणि ज्येष्ठांसाठी याहून मोठा फायदा दुसऱ्या कशात मला दिसत नाही.

आता पैशांकडे. एन ९५ मास्क साधारण ५० ते २०० रुपयांत मिळतो. भारतीय मानक ‘आयएस ९४७३’ आणि त्यावर ‘एफएफपी २’ असा शिक्का आहे का, पाहा. कानांत अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे चेहऱ्याला घट्ट बसतात. दाढी असेल तर कडेने हवा आत येते. कापडी आणि साध्या शस्त्रक्रियेच्या मास्कने सूक्ष्म कण पुरेसे अडत नाहीत, मग तो दहा रुपयांचा असो की शंभराचा. मास्क धुऊ नका. श्वास घ्यायला जड जाऊ लागला, मळला किंवा पट्टे सैल झाले, की बदला. रोज तासभर रस्त्यावर असणाऱ्याला महिन्याला दोन-तीन मास्क धरले, तर हिवाळ्याच्या पाच महिन्यांचा खर्च हजार-दीड हजारांत बसतो. दुचाकीवरून कामाला जाणाऱ्यांनी आणि रिक्षाचालकांनी पहिला खर्च यावरच करावा. दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारून श्वासाचा जोर मोजणारं साधं मीटर घ्यावं. ते पाचशे ते हजार रुपयांत येतं, आणि तुमच्या शरीरावर हवेचा काय परिणाम होतोय हे कुठल्याही ॲपपेक्षा नेमकं सांगतं.

शुद्धीकरण यंत्राची किंमत पाच-सहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत जाते. दुकानदार खोलीचं क्षेत्रफळ सांगेल. तुम्ही त्याला ‘सीएडीआर’ विचारा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देतं. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंचीची झोपायची खोली साधारण ३४ घनमीटरची असते. तासाला पाच वेळा हवा बदलायची तर १७० चा सीएडीआर पुरे. त्याहून मोठं यंत्र एका खोलीसाठी घेण्यात अर्थ नाही. ‘हेपा’ गाळणी हवीच. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका.

खरा खर्च पुढे असतो. समजा, यंत्र १०,००० रुपयांना घेतलं, गाळणी २,००० रुपयांची आहे आणि वर्षाला बदलावी लागते. ४० वॉटचं यंत्र रोज आठ तास चालवलं तर महिन्याला दहाएक युनिट, म्हणजे १० रुपये दराने १०० रुपये. वर्षातून पाच महिने वापर धरला तर पाच वर्षांत चार नव्या गाळण्यांचे ८,००० आणि विजेचे २,५०० मिळून एकूण २०,५०० रुपये होतात. म्हणून यंत्राआधी गाळणीची किंमत आणि ती आपल्या गावात मिळते का, हे विचारा. आणि डासांची कॉइल, उदबत्ती आणि बंद स्वयंपाकघरातली फोडणी हे घरातले स्रोत आधी आवरा. कॉइल पेटवून बाजूला यंत्र लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

घरगुती मोजयंत्राबद्दल थोडक्यात. दोन ते पाच हजारांच्या यंत्रात प्रकाशाच्या किरणावरून कण मोजतात. हवेत ओलावा फार असला की पाण्याने फुगलेले कणही ते मोठे धरतं, त्यामुळे कोकणात आणि पावसाळ्यात आकडा जास्त दिसतो. सरकारी केंद्रांत हवा आधी कोरडी करून मोजण्याची सोय असते. तेव्हा हे यंत्र शहराची हवा तपासायला घेऊ नका. खिडकी उघडल्यावर किंवा फोडणीनंतर खोलीत कितीने फरक पडतो, एवढं ते चांगलं सांगतं. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं.

तुमच्या गावात स्वयंचलित केंद्र नसेल, तर ठरावीक दिवशी हाताने नमुने घेणारं केंद्र आहे का, ते शोधा. तिथली नोंद ॲपवर तासातासाला येत नाही. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर सापडली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. छायाप्रतीचे पानामागे २ रुपये, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात तीन गोष्टी नेमक्या मागा: गेल्या वर्षभराच्या तारीखवार पीएम नोंदी, केंद्र किती दिवस बंद होतं, आणि जवळच्या बांधकामांना किंवा कारखान्यांना धुळीबद्दल दिलेल्या नोटिसांच्या प्रती.